फोटोपुरती गाय

आपली गाय आपली नाही, हे डोमाजीला तालुक्याच्या कचेरीत कळलं. गोठ्याच्या अनुदानासाठी गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर टाकला, तर पडद्यावर शेजारच्या घनश्यामचं नाव आलं.

"थे माही चांदी हाये जी! दारव्ह्याच्या बाजारातून आणली म्या!"

"कम्प्युटर म्हणते घनश्यामची," ऑपरेटर म्हणाला. "याच गाईवर त्याले गोठा भेटला बी."

तेव्हा कुठे डोमाजीच्या डोक्यात प्रकाश पडला. घनश्यामनं जनावरं विकून ट्रॅक्टर घेतला होता आणि ट्रॅक्टरला छप्पर हवं होतं. उन्हाळ्यात त्यानं चांदीला 'दोन मिनिटं फोटोले' मागून नेलं होतं आणि ती परत आली तेव्हा कानात हा बिल्ला होता. डोमाजीनंच तिला धुऊन पुसून नेऊन दिलं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

"मी तवाच म्हटलं व्हतं," बायको नलू कडाडली, "गाय का साखर हाये, उसनी द्याले?"

मागच्या पावसाळ्यात गोठ्याविना चांदीचं वासरू चिखलातच दगावलं होतं. आता ती पुन्हा गाभण होती. डोमाजी शेजारी गेला.

"घनश्यामभाऊ, गाय माही हाये म्हून लिहून द्या ना."

"येडा झाला का बे? तसं लिहिलं त माह्यं अनुदान वापस घेतीन." मग त्याचा आवाज मऊ झाला. "बुधवारी तपासणीले मॅडम येऊन राह्यली. चांदीले माह्या गोठ्यात बांध, पावसाळाभर राहू दे. तुह्या गाईले छप्पर, मले गाय!"

नलू रडली, पण नाही म्हणाली नाही. वासरू जगायला हवं होतं.

बुधवारी ट्रॅक्टर कडुलिंबाखाली गेला आणि चांदी गोठ्यात आली. वर्षा मॅडम मोबाइल घेऊन उभ्या राहिल्या. घनश्यामनं दावं धरताच चांदीनं त्याला गव्हाणीवर रेटलं.

"मालकाला ओळखत नाही?"

"गाभण हाये ना मॅडम, चिडचिड करते."

डोमाजी धावला. त्याचा हात गळ्याखाली फिरताच चांदी शांत झाली.

"हा कोण?"

"गडी हाये माहा."

बाहेर आभाळ भरून आलं होतं. डोमाजीनं चांदीच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो जी, गडीच हावो."

"मग बाजूला व्हा. फोटोत मालक एकटाच पाहिजे."

डोमाजी गव्हाणीमागे दडून बसला आणि फटीतून हात घालून चांदीचा गळा खाजवत राहिला. स्वतःच्याच घरातली चोरी स्वतःच्याच हातानं तडीस नेण्याची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. घनश्याम मात्र मिशीवर हात फिरवून ऐटीत उभा राहिला.

"वासरू झालं की त्यालाही बिल्ला मारून घ्या," मोबाइल नीट धरत मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच नावावर चढेल."

"चढवा ना मॅडम! दोन्ही माह्याच नावावर चढवा!"

डोमाजीनं फटीतून हात काढून घेतला.

चांदीनं शिंगं खाली केली आणि घनश्यामकडे वळली.

"मॅडम," डोमाजी उठून उभा राहत म्हणाला, "आता काढा फोटो."