हद्दीबाहेरचे भरमाकाका

माझ्या लग्नात अक्षता दोनदा पडल्या. एकदा कार्यालयात, सगळ्यांच्या पडतात तशा. दुसऱ्यांदा खानापूर रोडवर, बेळगाव शहराची हद्द संपल्याच्या पाटीखाली. तिथे आमचे भरमाकाका मुठीत तांदूळ घेऊन सकाळपासून उभे होते. नवरामुलगा मुंडावळ्यांसकट रिक्षातून उतरला तेव्हा त्याला वाटलं, पेट्रोल संपलं.

"काका कार्यालयात का आले नाहीत?" त्याने हळूच विचारलं.

"वनवासात आहेत," मी म्हटलं. कधी ना कधी सांगावं लागणारच होतं.

भरमाकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. आमचं घर वडगावातलं, विणकराचं. आज्जाचा, म्हणजे बाबा-काकांच्या आप्पांचा, एक जुना हातमाग होता. आज्जा तो रोज पुसायचा, पण त्यावर विणायचा नाही. एक दिवस काकांनी न विचारता तो विकला आणि त्या जागी पॉवरलूम आणून बसवला. नेमकं त्याच आठवड्यात गल्लीतल्या देवळात रामाच्या वनवासावर प्रवचन चालू होतं. आज्जा ते ऐकून घरी आला, मागाची जागा बघितली आणि गरजला, "चालता हो! चौदा वर्सं तोंड दावू नकोस!"

काका अर्ध्या ताटावरून उठले, आज्जाच्या पाया पडले आणि पिरनवाडीच्या पुढे आमचा मळा आहे तिथल्या खोपटात जाऊन राहिले. रागात माणूस काहीबाही बोलतो, पण आमच्या काकांनी ते वडिलांचं वचन म्हणून घेतलं. म्हाताराही हट्टी, परत ये म्हणाला नाही. गंमत म्हणजे माझ्या बाबांचं नाव रामा. म्हणजे वनवासाला गेला भरमा आणि घरात राहिला रामा. आता एवढं सगळं जमलं तर कैकेयी हवीच, म्हणून गल्लीने ती जबाबदारी माझ्या आईवर टाकली. आई बिचारी त्या दिवशी माहेरी संकेश्वरला होती.

वनवासाचे नियम काकांनी स्वतःच ठरवले. "राम वनवासात कुठल्या नगरात शिरला काय? लंका जिकली, तरी अभिषेकाला लक्ष्मणाला धाडलं. आपुन हद्दीच्या भाईर." बाकीच्या नियमांत मात्र सवलत होती. कंदमुळं म्हणून बटाटेवडा चालायचा. बटाटा मातीतनंच येतोय न्हवं? मोबाईलही चालायचा. लग्न केलं नव्हतं, त्याचंही समाधानच: "सीता न्हाय म्हणून रावणाचीबी भानगड न्हाय." आणि जे करायचं नसेल त्याला एकच उत्तर, "शास्त्रात बसत न्हाय." किडलेली दाढ काढणं शास्त्रात बसत नव्हतं, दाढदुखी बरोबर बसत होती.

खरी पंचाईत वनाची झाली. काका गेले तेव्हा भोवती ऊस होता, बांधावर मोर यायचे. बघता बघता प्लॉट पडले. आता खोपटाच्या एका अंगाला ब्यूटी पार्लर, दुसऱ्या अंगाला बिर्याणीचं हॉटेल आणि समोर चार मजली अपार्टमेंट. तिथल्या बायका काकांना वॉचमन समजून कुरिअरची पार्सलं त्यांच्याकडे ठेवायच्या. काकाही ती इमानाने सांभाळायचे.

मग हद्दवाढीची बातमी आली. आमचा सगळा सीमाभाग एका हद्दीची काळजी करत जगतो, काकांना दुसऱ्याच हद्दीचा घोर लागला. पाटी पुढे सरकली तर ते बसल्या जागी नगरात येणार! त्यांनी वळकटी बांधली आणि खरं जंगल बघायला गुंजीला गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. "लई डास. आणि अस्वलबी हाय म्हंत्यात." सुदैवाने बातमी खोटी निघाली आणि वनवास वाचला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण वनवासाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हा आज्जा गेला, आणि काका मयताला आले नाहीत. पाटीजवळ उभे राहिले. मळ्यातच डोकं भादरलं, विहिरीवरच दहावं घातलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. बाबा एवढंच म्हणाले, "त्याचाबी बाप गेलाय गं." बाबांचा आवाज हुबेहूब आज्जासारखा आहे. फोनवर अजूनही आत्या दचकते.

यंदा चौदा वर्षं भरली. आईने पुरणपोळ्या केल्या, गल्लीने पताका लावल्या. बाबा आणि मी काकांना आणायला गेलो, तर काका दारात पंचांग उघडून बसलेले.

"भरली न्हाईत अजून," ते म्हणाले. "मधी धोंड्याचं महिनं आलं. ते धरत न्हाईत. अधिकात शुभकार्य हुईत न्हाय."

"दादा, वनवास शुभकार्य हाय व्हय?" बाबांनी विचारलं.

"शास्त्रात बसत न्हाय रं रामा. फुडच्या साली बघू."

माझा संयम सुटला. "काका, तुम्हाला यायचंच न्हाय न्हवं?"

काकांनी पंचांग मिटलं. मग म्हणाले, "पोरी, आप्पा माझ्यासंगं शेवटचं बोललं ते एवढंच. मी पाळतोय तवर वाटतंय, म्हातारा अजून रागावलाय. म्हंजे अजून हाय. आणि चालता हो म्हटलं त्यांनी, पर ये म्हटलंच न्हाय कधी. मी कसा येऊ?"

बाबा तसेच उठले आणि रिक्षा करून घरी गेले. आज्जाच्या चपला आमच्या उंबऱ्याजवळ अजून आहेत. केर काढताना आई त्या उचलते आणि परत तिथेच ठेवते. बाबा त्या घेऊन आले. खोपटाच्या दारात नीट जोडीने मांडल्या.

"आप्पा न्यायला आल्यात," ते म्हणाले.

काकांनी चपला मांडीवर घेतल्या, टॉवेलने पुसल्या. डावी टाच आतल्या बाजूने झिजलेली होती, तिच्यावर बराच वेळ अंगठा फिरवला. मग त्या छातीशी धरून उठले आणि अनवाणीच चालू लागले. अपार्टमेंटमधली एक बाई वरून ओरडली, "अंकल, आमचं पार्सल?" काकांनी न थांबता पार्लरकडे बोट केलं.

पाटीपाशी मात्र थांबले. त्यांच्या मागे आम्हीही थांबलो. काका चपलांकडे बघत, शाळेला उशिरा आलेल्या पोरासारखे म्हणाले, "आप्पा, येऊ काय आत?"

मागून आवाज आला, "ये की रं भरमा."

बाबांनी थोरल्या भावाला जन्मात कधी नावाने हाक मारलेली नाही. काकांनी वळून बघितलं नाही. डोळे गच्च मिटले आणि पाटी ओलांडली.