दोन बुड्यांमधला तास

सकाळी साडेसातला अन्सेल्मोने होडीच्या कडेला पाटी टेकवली. पाटीवर तीन ओळी होत्या. पहिली बुडी आठला, अठ्ठावीस मीटर. दुसरी साडेदहाला, अठरा मीटर. तिसरी एकला, दहा मीटर.

"सगळ्यात खोल आधी का?" परीक्षक रुफिना मॅडमनी विचारलं.

"खोल गेलं की अंगात वायू शिरतो, मॅडम. जत्रेच्या पाहुण्यासारखा असतो तो. येतो झटपट, निघतो सावकाश. म्हणून जड काम आधी उरकायचं, मध्ये निदान तासभर नुसतं बसायचं, आणि पुढची बुडी आधीपेक्षा उथळ ठेवायची."

"आणि माझं उद्या सकाळी दहाचं विमान आहे."

"म्हणून अठरा तास आधी, आज चारला, तुम्ही पाण्याबाहेर. उशीर झाला तर विमान वर गेल्यावर पाहुणा दार फोडून निघेल."

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. अन्सेल्मोने सात वर्षं लोकांच्या हवेच्या टाक्या वाहिल्या होत्या. आज तीन बुड्यांचा दिवस नीट पार पडला तर तो वाटाड्या होणार होता. नाही पडला तर आणखी वर्षभर टाक्याच, कारण परीक्षक या बेटावर वर्षातून एकदाच यायचे.

पहिली बुडी देखणी झाली. वर आल्यावर मात्र त्याला किनारा ओळखू येईना. माडामाडांना रंगीत कागदाच्या माळा बांधल्या होत्या आणि बँड वाजत होता. वादळामुळे पुढे ढकललेली संताची जत्रा आज होती. पाद्रीबाबांनी रविवारी तसं सांगितलं होतं, पण त्या रविवारी अन्सेल्मो चर्चला न जाता टाक्या भरत बसला होता.

गुडघाभर पाण्यात त्याची मावशी तिया इस्कांग उभी होती.

"सेल्मो, बाईंना घेऊन घरी ये. अख्खं डुक्कर भाजलंय."

"तिया, आम्हाला तासभर नुसतं बसायचंय."

"मग माझ्याकडे बसा. माझ्या खुर्च्या काय चावतात?"

जत्रेच्या दिवशी उघड्या दारावरून न जेवता गेलेला माणूस पुढच्या जत्रेपर्यंत त्या घराच्या लक्षात राहतो. आणि तियाच्या घरापर्यंत उघडी दारं होती सहा. मॅडम प्रत्येक घरी मनापासून जेवल्या. भरल्या पोटी पाण्यात उतरवायचं नाही, म्हणून अन्सेल्मो घड्याळाकडे बघत थांबला. दुसरी बुडी सव्वाबाराला सुरू झाली आणि एकला संपली.

"हरकत नाही," तो स्वतःला म्हणाला, "अडीचला तिसरी. सव्वातीनला बाहेर."

दीड वाजता त्याच्या धर्मपित्याने, निनोंग बाल्दोने, त्याला मांडवात गाठलं. मांडवात नारळाच्या दारूचा एकच पेला हातोहात फिरत होता.

"निनोंग, मला नको. पाण्यात उतरायचंय."

"बाहेरून ओला होणारच आहेस, मग आतून झालास तर काय बिघडलं?"

"माझी परीक्षा आहे."

"तुझ्या बारशाला मी नाही म्हटलं होतं का?"

पेला समोर आला. धर्मपित्याचा पेला परत पाठवायचा नसतो. अन्सेल्मोने घाम पुसत घड्याळ पाहिलं, आणि मान वळवली तर पेला रिकामा. निनोंग खूश होऊन पुढचा भरत होता. अन्सेल्मो पुन्हा घड्याळ बघेपर्यंत तोही रिकामा झाला. शेजारी एका बाजूला मॅडम वहीत लिहीत होत्या. दुसऱ्या बाजूला नावाडी काद्यो ओठ पुसत होता.

"काद्यो, प्यायलास तू?"

"देवाशप्पथ नाही. रस्सा होता तो."

"दोन पेले रस्सा? होडीला हात लावायचा नाही आज."

"सात वर्षं तुझी होडी हाकतोय मी," काद्यो शांतपणे म्हणाला. "हाक तूच." आणि निघून गेला.

एकट्याने टाक्या चढवण्यात आणि रुसलेलं इंजिन चालू करण्यात तीन वाजले. होडी खडकाच्या टोकापर्यंत आली, तर समोरून संताची मिरवणूक. पुढे फुलांनी मढवलेली मूर्तीची होडी, मागे चाळीस होड्या. संताची वाट कापायची नसते. अन्सेल्मोने इंजिन बंद केलं आणि होड्या मोजत बसला. चाळिसावी होडी सगळ्यांत हळू येत होती. तिच्या सुकाणूवर काद्यो बसला होता आणि आकाशातले ढग बघत होता.

ती पुढे सरकली तेव्हा साडेतीन होऊन गेले होते.

"पोचायला दहा मिनिटं, बुडी चाळीस मिनिटांची," अन्सेल्मो म्हणाला. "घाईने अर्धी बुडी मारता येईल मॅडम, पण घाईने नेलेलं माणूस घाईनेच वर येतं." त्याने थुंकी लावून पाटीवरची तिसरी ओळ पुसली. "नाही जमत. पुढच्या वर्षी या."

मॅडमनी वही मिटली.

"रद्द केलीस ते योग्य. पण चारची चिंता कशाला? विमान मी दीडलाच परवावर ढकललं. तुझ्या मावशीच्या फोनवरून."

"मग हे दोन तास मी..."

"पळत होतास. बघत नव्हतास. तिसरी बुडी दीडलाच संपली होती. पाण्यात न्यायच्या माणसाचा एकदा वास तरी घ्यावा. ते दोन पेले मी घेतले. तुझे निनोंग रागावू नयेत म्हणून."

अन्सेल्मो खाली बसला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"परीक्षेत उत्तर सांगतात का कुणी? कागदावर तीन बुड्या पूर्ण लागतात. उद्या आठला, पहिल्यापासून."

किनाऱ्यावरून तियाची हाक आली. "सेल्मो, उद्या उरलेल्या डुकराचं आंबट कालवण करतेय. मधल्या तासात बाईंना आण."

"येणार," मॅडमनीच ओरडून सांगितलं. मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "पाहुणा सावकाश निघतो, हे तूच शिकवलंस."

अन्सेल्मोने कानावरची पेन्सिल काढली. पाटी कोरी केली आणि उद्याच्या तीन ओळी लिहिल्या. मग थोडा विचार करून, आठच्या बुडीच्याही वर, चौथी ओळ घातली: सातला, काद्योच्या घरी, माफी.

सगळ्यात खोल ते आधी.