वर्सोव्याचा रावस आणि मुलुंडचा मुहूर्त

मुलीचं लग्न ठरल्यापासून चंद्रप्रकाशांनी एकच काम अंगावर घेतलं होतं. वेंगुर्ल्याहून येणाऱ्या पाहुण्यांना मुंबई सुचवायची. हॉल, आचारी, आहेर, भटजी हे बायकोने, शेवंतीने बघायचं आणि ह्यांनी चारकोपच्या बाल्कनीत पाय पसरून नातेवाइकांच्या ग्रुपवर बोलत सुटायचं. "गेटवे वगैरे सगळे बघतात. मी तुम्हाला खरी मुंबई सांगतो." खऱ्या मुंबईतलं चंद्रप्रकाशांना घर ठाऊक होतं आणि विक्रोळीची कंपनी ठाऊक होती. मधली मुंबई त्यांनी कंपनीच्या बसच्या खिडकीतून पाहिली होती, तीही डोळे मिटून.

लग्नाच्या आदल्या दिवशी जानकीकाकूंना त्यांनी बोरिवलीच्या एका साड्यांच्या दुकानात पाठवलं. दुकान जाऊन तिथे जिम आली होती. काकू चौकशीला आत शिरल्या, तर जिमवाले त्यांना आठवडाभर फुकट व्यायाम करून बघा म्हणाले. चंद्रप्रकाशांना ह्याचं काही वाटलं नाही. "तब्येतीला चांगलं असतं," एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

त्याच संध्याकाळी चहा पिता पिता त्यांनी शेवंतीच्या भावाला डिवचलं. मार्तंडचं सगळं आयुष्य समुद्राला लागून गेलेलं. त्याला हे म्हणाले, "मार्तंड, गावाला काय मासे खाता रे तुम्ही? मोठा मासा सगळा मुंबईला येतो. सकाळी वर्सोव्याला जा, डोळे फिरतील. इथून हाकेच्या अंतरावर आहे."

"भावोजी, तुमी कधी गेल्लात थंय?"

"जायला कशाला लागतं? सगळ्यांना माहीत आहे."

शेवंतीने दोघांनाही दटावलं. उद्या दुपारचा मुहूर्त आणि ह्यांच्याकडे मामाच्या हाताशिवाय नवरी मंडपात पाऊल टाकत नाही. शेवंतीला भाऊ एकच. पण वेंगुर्ल्याच्या माणसाला माशावरून कोणी बोललं की त्याला झोप लागत नाही. सकाळी बस भरून वऱ्हाड मुलुंडच्या हॉलवर निघालं तेव्हा मार्तंडचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं.

हॉलवर पोचल्यावर त्याचा फोन लागला. "गो शेवंती, मी वर्सोव्यात आसंय. तुझ्या घोवाची हाक बरीच लांब जाता."

"दादा, लगेच नीघ. थेट मुलुंडला ये."

"येतंय. एक रावस घेतलंय."

"कशाला?"

"ती कोळीण माका म्हणता, घ्यायचा नाय तं हात कशाला लावतोस? मगे काय करतलंय?"

चंद्रप्रकाशांनी फोन हातातून ओढून घेतला. "लिंक रोडने ये रे, दहा मिनिटांत पोचशील." लिंक रोडवर खोदकाम चालू होतं. रिक्षा पवईला अडकली ती अडकलीच. रिक्षावाल्याने आधी नाकाला रुमाल लावला, मग सीटचे पैसे वेगळे मागितले. इकडे भटजी घड्याळ बघत होते. मुलाची आई मृणालिनीबाई पुढच्या खुर्चीत ताठ बसून कपाळावरची आठी दर पाच मिनिटांनी नव्याने घालत होत्या. शाकाहारी हॉलचा आग्रह त्यांचाच होता. आमच्या घरात माशाचा नुसता वाससुद्धा चालत नाही, असं त्यांनी साखरपुड्यातच सांगून ठेवलं होतं.

"दुसरा कोणी तरी मामा उभा करू," चंद्रप्रकाशांनी सुचवलं. "लांबचे मामा असतातच की."

"मी खोलीतून बाहेर येणार नाही," नवरी मुलगी श्रुतिका आतून म्हणाली. "सांगून ठेवते पप्पा."

"तुमी गप बसा," शेवंती नवऱ्याला म्हणाली. चाळीस वर्षं मुंबईत राहून हरवलेली तिची मालवणी त्या एका वाक्याला परत आली.

भटजींनी मुलाला बोलावलं आणि त्याच वेळी मार्तंड पोचला. पण गेटवर. वॉचमनने पिशवीतून डोकावणारी शेपटी पाहिली आणि हात आडवा केला. "अंदर मच्छी नहीं जाएगा."

चंद्रप्रकाशांनी फोनवरूनच तोडगा काढला. "त्याला माझं नाव सांग."

मार्तंडने सांगितलं. वॉचमन म्हणाला, "कौन चंद्रप्रकाश?"

शेवंती शालू सावरत गेटकडे धावली. घामाने भिजलेला भाऊ नवं धोतर नेसून, पिशवीतला हातभर मासा छातीशी धरून उभा होता. त्याला बघून तिला रडू येणार होतं, पण त्याआधी तिला राग आला.

"दादा, टाक तो खाली."

"ह्यो टाकूचो? तुझ्या घोवाक दाखवूक हाडलंय. बघ ह्येचे डोळे."

"मग वॉचमनकडे दे."

वॉचमन दोन पावलं मागे सरकला. मासा त्याने जन्मात हातात धरला नव्हता आणि आज धरणार नव्हता. आतून सनई सुरू झाली. त्या क्षणी शेवंतीला आठवलं की अख्ख्या वऱ्हाडात ह्या घडीला एकच बाई मोकळी आहे, आणि ती आपण. मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतात, अक्षता बघायच्या नसतात. तिने बाहेर तुळशीला पाणी घालत उभं राहायचं.

"आण इकडे," ती म्हणाली. "आणि पळ."

मार्तंड पळाला. हॉलवाल्यांनी ह्या कामासाठी गेटाबाहेरच एक तुळस ठेवली होती. सबंध लग्नसराईभर एकेका आईचं पाणी पिऊन बिचारी पिवळी पडली होती. शेवंतीने डाव्या हातात रावसाची पिशवी लांब धरली आणि उजव्या हाताने तांब्यातून धार सोडली. आतून 'सावधान' ऐकू आलं. मामा वेळेवर पोचला होता. मग मात्र तिचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला तिच्याकडे हात नव्हता.

"काय धरलंय?"

मागे मृणालिनीबाई उभ्या होत्या. त्यांच्यात मुलाची आईही लग्न लागताना बघत नाही, त्यामुळे त्याही बाहेर आल्या होत्या. शेवंतीला वाटलं, झालं, आता मुलीचा संसार सुरू व्हायच्या आत मोडला. मृणालिनीबाई वाकल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, शालूचा पदर कमरेला खोचला आणि पिशवी बाजूला सारून बोटाने माशाचा कल्ला उचलला.

"ताजा आहे," त्या म्हणाल्या. "वर्सोवा?"

"तुम्ही... तुमच्याकडे तर चालत नाही ना?"

"मंडपात नाही चालत. गाडीच्या डिकीत बर्फाचं खोकं आहे, ते वेगळं. डोकं मला."

शेवंतीचे डोळे एकदम कोरडे झाले. "डोकं माझ्या भावाचं आहे."

"विहीणबाई, मुलाकडचा मान असतो."

"साडीचा मान घेतलात, पाय धुवायचा घेतलात, पहिल्या पंगतीचा घेणार आहात. डोकं नाही मिळणार. शेपटीकडचं देते."

"शेपूट? वरमाईला?"

बोलणं वाढलं. दोघींचेही आवाज चढले आणि मजा अशी की साखरपुड्यापासून पहिल्यांदाच दोघी एकमेकींशी मोकळेपणाने बोलत होत्या. तेवढ्यात चंद्रप्रकाश अक्षता झटकत बाहेर आले. आत फोटोवाल्याने फोटोंसाठी पुढचे विधी थांबवून भटजींना बाजूला बसवून ठेवलं होतं. त्यांनी भांडण ऐकलं, मान डोलावली आणि तोडगा सुचवला. "सोपं आहे. डोकं मधोमध कापा, अर्धं अर्धं घ्या."

दोन्ही विहिणींनी त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहिलं. रावसाचं डोकं अख्खं एकाच ताटात जातं; ते मधोमध कापायचं सुचवणारा माणूस मासे कधी बघायला गेला नसणार, हे मृणालिनीबाईंनी क्षणात ओळखलं.

"शेवंतीताई, ह्यांना माशातलं काही कळत नाही का हो?"

"माशातलंच म्हणताय?" शेवंती म्हणाली आणि तिने पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. "धरा. आम्ही फोटोला जातो. कन्यादानाच्या वेळी हाक मारते."

"अगं, पण मी हे घेऊन कुठे जाऊ?"

"तुम्हाला मी काय सांगू?" शेवंती म्हणाली. "एवढी मुंबई पडली आहे." आणि विहिणीचा हात धरून ती आत गेली.