लाल पेनाची लागण

पोरांना धीर कसा द्यावा, हे जगात फक्त आपल्यालाच कळतं, याबद्दल शरच्चंद्र मास्तरांना तिळमात्र शंका नव्हती! मग ते पोर नर्सच्या कपड्यांत का असेना.

प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर ते कर्जतच्या एका छोट्या दवाखान्यात पडून होते. लघवीला नळी, खाटेला पिशवी. पोशीर गावची हर्षला तिथे नर्स म्हणून नुकतीच लागलेली. दर पाळीला ती नळी तपासायची आणि कागदावर लिहायची: ताप नाही, लाली नाही, पू नाही. नळीवाटे जंतू शिरलाच, तर वेळीच कळावं म्हणून.

"आज मोठ्या सिस्टर कागद बघणार, आजोबा. माझी नोकरी अजून पक्की व्हायची हाय," ती पुटपुटली.

ती पलीकडच्या पेशंटकडे वळली मात्र, मास्तरांनी कागद ओढला. खिशातलं लाल पेन काढून ओळीओळीपुढे बरोबरची झोकदार खूण केली. खाली टपोरी चांदणी! आता बघू कोण नापास करतं पोरीला!

मोठ्या सिस्टर आल्या, कागद पाहिला आणि तापल्या तेलात पाणी पडावं तशा तडतडल्या, "अगं बाई, सगळीकडे लाल!"

त्या दवाखान्यात लाल खूण म्हणजे जंतुसंसर्ग. चांदणीचा अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, म्हणजे ती त्याहून भयंकर!

क्षणात मास्तरांची खाट वरातीसारखी वेगळ्या खोलीकडे निघाली. पुढे सिस्टर, मागे वॉर्डबॉय, बाजूला डुलणारी पिशवी!

"अहो, मी ठणठणीत आहे!"

"तापात असंच बडबडतात," सिस्टर म्हणाल्या.

दाराशी हर्षला मुसमुसत होती. "माझ्याच हातनं तुमाला जंतू लागला, आजोबा. आता मी घरी काय सांगू?"

मास्तर खाटेवर अर्धे उठून बसले. "वेडे, तो जंतू नाही गं. ती माझी शाबासकी आहे."

गडबड ऐकून आलेले डॉक्टर मिहीर हसत खुर्चीतच बसले. सिस्टर हसल्या नाहीत. "कागद फाडायचा नाही हं. घडलं ते लिही."

हर्षलानं डोळे पुसून लिहिलं. सिस्टरनी मोठ्यानं वाचलं, "नळीची जागा स्वच्छ. संसर्ग नाही. लाल खुणा रुग्णाने केल्या. रुग्णास कागद तपासण्याची सवय. उपाय: पेन पत्नीच्या ताब्यात द्यावे." मग त्यांनी हर्षलाच्या पाठीवर हात ठेवला. "लपवलं नाहीस काही. राहा इथेच."

पेजेचा डबा घेऊन आलेल्या मालतीबाईंनी पेन पर्समध्ये टाकलं. "लग्नापासूनचं दुखणं हे, बाळा! कागदावर आलं ते आजच."