डबा घेतलास ना?

मला कमी समजू नका! गेल्या रविवारी तळ्याकाठी आख्खं जेवण मी बनवणार होतो. मी! कारण आमचे सासरे चारचौघांत सांगत फिरतात, "जावई सोन्यासारखा, पण साधा चहा येत नाही हो!" हा डाग मला पुसायचाच होता. म्हणून सहलीला न्यायची इवलीशी गॅसची शेगडी आणली. खाली गॅसचा डबा जोडायचा, कान पिळायचा, झालं! दाराला कुलूप लागेपर्यंत मी बायकोला विचारत होतो, "डबा घेतलास ना?"

"घेतला रे बाबा!"

तळ्याकाठी आडोसा बघून शेगडी मांडली. कांदा चिरला, अंडी फोडली. सासरे परीक्षकासारखे पुढ्यातच खुर्ची टाकून बसले. मी ऐटीत हात पुढे केला. "डबा!"

बायकोने दिला. चार कप्प्यांचा! भात, भाजी, सगळं तयार!

"अगं, गॅसचा डबा!"

"मग गॅसचा म्हणायचं ना! मला वाटलं, तुझ्या स्वयंपाकाची तुलाच धास्ती वाटतेय."

सासरे खो-खो हसले. पण मी हार मानतोय होय! पलीकडच्या झाडाखाली एक टक्कलवाले काका अशाच शेगडीवर पाणी उकळत होते. पळत गेलो.

"काका, जास्तीचा डबा आहे का हो? आमचा घरी राहिला. सासरे ताटकळलेत!"

काकांचा चेहरा कळवळला. "अगं ए, यांचे सासरे उपाशी आहेत!"

काकूंनी माझ्या हातात जेवणाचा डबा कोंबला. मी "नको, नको" म्हणालो, तशी वर केळीही ठेवली.

"अहो, गॅसचा हवाय!" मी ओरडलो.

"मग गॅसचा म्हणायचं ना!" काकाही तेच!

जेवणाचा आणि गॅसचा, असे दोन्ही डबे आणि केळी सांभाळत परतलो, तर सासरे जेवून हात धूत होते.

"आता चहा तरी करा, जावईबापू," ते म्हणाले.

शेवटची संधी! डबा जोडला, कान पिळला. निळी ज्योत! चहा फसफसून वर आला. मी हळूच बायकोला म्हटलं, "साखरेचा डबा दे."

"तो कुठे सांगितला होतास?"

मी तसाच बिनसाखरेचा चहा सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. 

"वा! डॉक्टरांनी परवा माझी साखर बंद केली, ते फक्त जावयाच्या लक्षात राहिलं!" म्हणाले, आणि आणखी एक कप मागितला.

मी नम्रपणे मान झुकवली. साखर बंद झाल्याचं मला तेव्हाच कळलं. पण तुम्ही कुठे बोलू नका!