आक्कांचा पोपट सुटेपर्यंत

अगं, तू नुसतं ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटते.

आमच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मी पुढे काउंटरला कव्हर-चार्जर विकते, आणि मागच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून तो बसतो. त्याला सगळे जजसाहेब म्हणतात. कारण जगात असा गेम नाही ज्याच्यावर त्याचा निकाल तयार नाही. आणि कुणी विचारायलाच लागत नाही! फोन उघडला, आत गेम दिसला, की लागलाच सुरू. "गाड्यांचा गेम? गाडी झकास, रस्ता झकास, आवाज मात्र शिलाई मशीनचा." "भुताचा? ह्याच्यात भुतं कमी आणि कुलूप लावलेली दारंच जास्त. चावीवाल्याचा गेम आहे हा." त्याला आवडतो तो एकच, तो जुना सापाचा. म्हणतो, "खायचं, वाढायचं आणि आपल्याच शेपटीवर आपटून मरायचं. ह्याच्यापेक्षा खरं काय असतं?"

मागच्या महिन्यात एक गृहस्थ स्क्रीनला काच लावायला आले. त्यांच्या फोनमध्ये शेतीचा गेम. हा म्हणाला, "साहेब, दिवसभर काम करून घरी जाता, आणि परत गाईला चारा घालता? तेही बिनपगारी?" ते काच न लावताच गेले, वर आमच्या मालकांना फोन करून झापलं. मालकांना आम्ही काका म्हणतो. काका तसे शांत, पण त्या दिवशी म्हणाले, "हे बघ, चौकात नवीन दुकान उघडतोय. ते तुझ्याकडे द्यायचं मनात आहे. पण अजून एक तक्रार आली ना, तर नवीन दुकानही नाही आणि हेही नाही."

तेव्हापासून जजसाहेबानं तोंडाला कुलूप लावलं. नवीन दुकानासाठी तो काहीही करायला तयार होता. घरी त्यानं आईला सांगूनसुद्धा टाकलं होतं, बोल.

आणि गेल्या आठवड्यात एका दुपारी आक्का आल्या.

आक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, आता रिटायर झाल्यात, पण अजूनही त्या आत आल्या की काका खुर्चीवरून उठतात. दुकानाची जागा त्यांचीच. म्हणाल्या, "फोन फार मंद झालाय. मी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन सहाला येते. आणि सांभाळून हं, माझा पोपट आहे आत." आणि गेल्या. काका नव्या दुकानाची पाटी लावून घ्यायला गेलेले, म्हणजे दुकानात आम्ही दोघंच.

जजसाहेबानं फोन उघडला. जागा पार ठासून भरलेली. सगळ्यात जास्त जागा कशानं खाल्ली होती, तर एका फळं जोडायच्या गेमनं. तीन संत्री शेजारी आली की फुटतात, तसला. एवढे दिवस तोंड दाबून धरलेलं ना, सगळं उफाळून आलं. "ह्याला गेम म्हणतात? ही तर मंडईतली निवडानिवड! आक्कांसारखी बाई असला कचरा काही खेळणार नाही. एखाद्या नातवानं टाकला असणार." आणि दिला काढून! फोन लगेच पळायला लागला. हा खूश.

पाच मिनिटांनी काकांचा फोन. "आक्काचा फोन दुरुस्तीला आलाय ना? बाकी काय वाटेल ते कर, फक्त तिच्या फळांच्या गेमला हात लावू नकोस. वर्षभर खेळतेय. पोपट पिंजऱ्यात अडकलाय, तो सोडवल्याशिवाय राहणार नाही म्हणते."

जजसाहेबाच्या तोंडचं पाणीच पळालं. भिंग डोळ्यावरून घसरून टेबलावर पडलं, तरी त्याला कळलं नाही.

गेम परत टाकला, तर तो अगदी पहिल्यापासून सुरू. वर्षभराचं सगळं साफ! मी म्हटलं, "खरं सांगून टाक ना." तर म्हणतो, "वेडी आहेस का? त्या यायच्या आत मी पिंजऱ्यापर्यंत पोचतो. फळंच तर जोडायचीत."

आणि बसला. अगं, काय पेटला होता! संत्री, केळी, द्राक्षं, धडाधड. पण त्या गेममध्ये पाच जीव असतात. ते संपले की अर्धा तास गप्प बसायचं, मग एक मिळतो. आता अर्धा तास कुठून आणायचा? ह्यानं फोनची तारीखच एक दिवस पुढे केली. गेमला वाटलं दिवस गेला, सगळे जीव परत! परत संपले, परत एक दिवस पुढे. असं करत करत पाचच्या सुमाराला तो पिंजरा आला बाई. आत हिरवागार पोपट, बिचारा पंख फडफडवत बसलेला.

"झालं!" मी म्हटलं. "आता ठेव. इथंच तर अडकला होता त्यांचा पोपट. कुणाला काही कळणार नाही."

ठेवायचा ना गं? पण नाही! एकदा खेळून बघितलं, हरला. परत हरला. माझ्याकडे असा बघतो, जसा काही मीच तो पिंजरा बनवलाय. "हा पोपट मला हरवणार? मला?"

"अरे, त्या यायची वेळ होत आली!"

"होऊ दे. असला भंगार गेम आणि मी हरू?"

जीव संपले. घाईघाईत त्यानं तारखेचं चाक बोटानं जोरात ढकललं, तर दिवसाऐवजी महिनाच पुढे. परत हरला, परत महिना. आणि तेवढ्यात फोन वाजला. सूनबाई. आम्ही उचलला नाही. मग भाऊजी. मग प्लंबर. मग कुणीतरी मावशी. सूनबाईंचा मेसेज वर दिसला: "आई, शुभेच्छांबद्दल थँक्यू, पण माझा वाढदिवस अजून दोन महिन्यांनी आहे. तुम्ही बऱ्या आहात ना?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आक्का शिस्तीच्या ना! सगळ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा एकदाच लिहून तारखा लावून ठेवल्यात, फोन दरवर्षी त्या त्या दिवशी आपोआप पाठवतो. आणि आम्ही दुपारपासून दिवस पळवत होतो! अख्ख्या खानदानाला शुभेच्छा गेल्या. प्लंबरलासुद्धा!

"बंद कर!" मी ओरडले.

"एकच चाल राहिली," तो म्हणाला. कपाळावरून घाम, डोळे पोपटावर. दोन कलिंगडं जोडली, तिसरं वरून आलं, धडाम! पिंजरा फुटला, तुतारी वाजली, पोपट भुर्रकन उडाला. हा खुर्चीवरून उठून ओरडला, "सुटला!"

"कोण सुटला?" आक्का दारात उभ्या.

एक गाल सुजलेला, हातात औषधाची पिशवी. जजसाहेबानं फोन पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. गेम काढला ते, परत टाकला ते, तारीख, वाढदिवस, प्लंबर. मला वाटलं होतं हा थापा मारेल. पण त्याला ते जमतच नाही. पोटात असेल ते ओठावर येतंच, म्हणून तर एवढे वांधे होतात.

आक्कांनी फोन हातात घेतला. रिकाम्या पिंजऱ्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "खरं सांग. कसा वाटला गेम?"

मी मागून खुणावत होते, चांगला म्हण, चांगला म्हण! नवीन दुकान त्या एका शब्दावर लटकलेलं.

"आक्का," तो म्हणाला, "भंगार आहे. एकदम भंगार. पण पुढच्या टप्प्यात काय आहे ते बघितल्याशिवाय मला झोप लागणार नाही."

आक्का सुजल्या गालानं हसल्या. "अरे, भंगारच आहे! वर्षभर मी हेच म्हणतेय, कुणी ऐकूनच घेत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ती तारीख पुढे कशी करायची रे? दाखव जरा."

तेवढ्यात काका धापा टाकत आले, मागे त्या शुभेच्छांनी घाबरलेल्या सूनबाई. "आक्का, आज वार कोणता? सांग बघू!"

"तुझी अक्कल गहाण पडलेला वार," आक्का म्हणाल्या. "शुभेच्छा आधी दिल्या म्हणून काय बिघडलं? ह्या वयात वाट बघत बसू का? आणि ऐक, नवीन दुकान ह्याच मुलाला दे. खोटं बोलत नाही." जजसाहेबाला डोळ्यानंच दटावलं, म्हणजे गप्प बस. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गप्प बसला!

संपलं वाटलं ना? मलाही वाटलं. तो चौकातल्या दुकानात बसायला लागला, पाटीबिटी लागली, त्याच्या आईनं येऊन खुर्ची पुसली. आणि आज सकाळी मला आक्कांचा मेसेज: "वाढदिवसाच्या अनेक शुभेच्छा." माझा वाढदिवस पाच महिन्यांनी!

मी हसतेय, तर समोर काका. रडकुंडीला आलेले. "मलाही आल्या गं. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय तिच्यासाठी. तू तर तिला नेहमी बघतेस. खरं सांग, आक्काला विसरायला होतंय का?"

आता खरं सांगावं, तर तारीख पुढे ढकलून खेळायची आक्कांची चोरी उघडी पडते आणि ती शिकवणाऱ्या जजसाहेबाचं दुकान जातं. सांगू नये, तर चांगली ठणठणीत बाई डॉक्टरकडे जाऊन आज वार कोणता ते सांगत बसणार. काका माझ्याकडे बघतायत, मी चार्जर मोजल्यासारखं करतेय, आणि तेवढ्यात आक्कांचा दुसरा मेसेज. परत वाढदिवसाच्या शुभेच्छा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या!

तू माझ्या जागी असतीस तर काय सांगितलं असतंस गं?