पार्टी किती असाव्यात?

कमळाकर सरांच्या रविवारच्या वर्गाला सलग चौथ्यांदा तीनच मुलं आली, तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी मानसिंगराव खोलीत शिरले आणि हातातल्या टेपने भिंत मोजू लागले.

"काय मोजताय?" सरांनी विचारलं.

"रॅक बसतोय का बघतोय. पार्सलांचा. वॉचमनच्या केबिनमध्ये वॉचमनलाच जागा राहिली नाही. राग मानू नका सर, पण तीन पोरं तुमच्या हॉलमध्येसुद्धा मावतील की."

सरांचा हॉल म्हणजे पलंग आणि कपाट यांच्यामधली फट होती. शिवाय रुतिका, अंकुर आणि अंकुरचा धाकटा भाऊ या तिघांतला धाकटा निव्वळ पंख्याखाली झोपायला येत असे. पण चाळीस वर्षं शिकवल्यावर माणसाला फळा लागतो, जसा इतरांना चहा लागतो. घणसोलीतल्या या सोसायटीत तळमजल्यावरची ही खोली एवढीच सरांची शाळा उरली होती.

"मला एक रविवार द्या," सर म्हणाले. "मोठ्यांनाही बोलावतो. खोली भरून दाखवतो."

"भरली तर खोली तुमची," मानसिंगरावांनी टेप गुंडाळली. "नाही तर सोमवारी रॅक."

विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि गल्लीच्या तोंडाशी दर दोन दिवसांनी नवा झेंडा लागत होता. सरांनी रुतिकाला विषय सांगितला, "विविधतेने नटलेल्या लोकशाहीत राजकीय पक्षांच्या संख्येवर मर्यादा असावी का? लिफ्टशेजारच्या बोर्डावर लिही. आणि लक्षात ठेव, लिहिलेलं सगळ्यांना कळलं पाहिजे."

रुतिका आज्ञाधारक मुलगी होती. 'विविधतेने नटलेल्या' एवढ्यातच बोर्ड भरला. तिने पुसलं आणि नुसतं 'पक्ष' लिहिलं.

"पक्ष म्हणजे ते कावळ्यांना जेवण घालतात तेच ना?" अंकुरने विचारलं.

हे काही सगळ्यांना कळणारं नव्हतं. रुतिकाने पुन्हा पुसलं. बाबा घरी पक्षाला जे म्हणतात तोच शब्द तिने वापरला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं :

*पार्टी किती असाव्यात? संख्येवर मर्यादा हवी का? रविवारी ५ वाजता मतदान. - कमळाकर सर.*

शनिवारी सकाळी सरांच्या दारात सगुणाताई उभ्या. सोसायटी जिथे उभी आहे तिथे एके काळी त्यांच्या सासऱ्यांचं भातशेत होतं. त्यामुळे इथे लागलेली कुठलीही नोटीस आपल्या शेतातच लागली आहे, असं त्यांना वाटे. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मुलाची, धनेशची, हळद होती आणि मांडव सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पडणार होता. सरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पत्रिका घरी आली होती, पण तिच्यावर हात जोडलेल्या माणसांचे इतके फोटो होते की उमेदवाराचं पत्रक समजून त्यांनी ती रद्दीत टाकली होती.

"गुरजी, बोर्डावर तुमी लिवलंय?"

"हो. या ना, बसा."

"बसाला नाय आले. मर्यादा कोनावर घालताय?"

सर खूश झाले. आदल्या दिवशी लावलेल्या नोटिशीवर आज वाद घालायला माणूस दारात. "मी कोण घालणारा? काहींचं म्हणणं एवढंच, की दोन-तीन मोठ्या ठेवाव्यात आणि बारक्यासारक्या बंद कराव्यात. गोंगाट कमी होईल."

सगुणाताईंनी कमरेवर हात ठेवले. "चार तास गोंगाट झाला तं कोनाचे कान फाटतान?"

"चार तास कुठले, पाच वर्षं चालतो."

"आमची एका रातीची हाय."

"एका रात्रीत उभ्या राहतात त्याच जास्त घातक असतात, सगुणाताई." एवढं बोलून सरांना शंका आली. "तुमच्या घरातून निघतेय की काय एखादी? तुमचे यजमान, देवजीशेठ, काढतायत?"

"काढनार. तुमचे खिडकीसमोर काढनार. हजार मानूस येल, बसा मोजीत."

"सुरुवातीलाच हजार?" सर थक्क झाले. "आणि धोरण काय?"

"धोरन-बिरन काय नाय. मटन."

निवडणुकीचा इतका प्रांजळ जाहीरनामा सर वहीत टिपून घेईपर्यंत सगुणाताई जिना उतरून गेल्या होत्या.

अर्ध्या तासाने दूध घेऊन परतलेल्या सरांना रुतिकाच्या आईने, अमिताने, लिफ्टमध्ये गाठलं. ती सोसायटीतल्या बायकांची भिशी चालवायची, आणि भिशी म्हटली की बटाटेवडे, गाणी, हसणं हे ओघाने आलंच.

"सर, आमच्यावर पण मर्यादा का? आमची दर महिन्याला असते."

"दर महिन्याला नवी?"

"नवी कसली, बायका त्याच. फक्त दर वेळी घर बदलतो."

सर गंभीर झाले. "माणसं तीच, फक्त घर बदलायचं. बाई, हे चांगलं नाही. याच्याविरुद्ध कायदा आहे."

"कायदा?"

"पूर्वीपासून आहे. घर बदलणाऱ्याचं सदस्यत्व जातं."

अमिताचा चेहरा उतरला. लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पोचली होती, 'पार्टी केली तर मेंबरशिप कॅन्सल. कायदा आलाय. सर स्वतः बोलले.' महापेला कंपनीत काम करणाऱ्या प्रणयने ती वाचली आणि त्याला गच्चीवरची एकतीस डिसेंबरची पार्टी आठवली. 'भाई लोक, रविवारी सगळे खाली या,' त्याने लिहिलं. उलट पहिल्या मजल्यावरच्या आप्पांनी, ज्यांना झोप येत नसे आणि आली तर टिकत नसे, उत्तर टाकलं, 'आम्हीही येतोय. शून्य पार्टी.'

सरांचा फोन जुना, बटणांचा. त्यांना यातलं काही कळलं नाही.

रविवारी पाचला खोली भरली. सव्वापाचला दार भरलं. साडेपाचला मानसिंगरावांनी कंपाउंडमध्ये सतरंज्या टाकायला लावल्या आणि पार्किंगमधल्या स्कूटी हलवल्या. सरांनी फळा बाहेर आणवला.  एवढा मोठा वर्ग त्यांना अख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता.

गंमत म्हणजे माणसं आपापले घोळके करूनच बसली होती. पुढे सगुणाताईंचा हळदवाल्यांचा घोळका, बाजूला अमिताच्या भिशीवाल्या, मागे प्रणयची गच्चीवाली पोरं आणि कोपऱ्यात कानात कापूस घालून आलेले आप्पा आणि त्यांचे शांततावाले. सर काही बोलायच्या आत हळदवाले फुटले. धनेशच्या मित्रांना डीजे हवा होता, देवजीशेठना बेंजोचं पथक.

"बेंजोवर कोन नाचतं, काका?" एक जण म्हणाला.

"तुजा बाप नाचला माझे हलदीन. इचार जा."

बेंजोवाले उठून वेगळे बसले. तिकडे आप्पांच्या शांततेतही फूट पडली. निम्म्यांना शून्य आवाज हवा होता, निम्म्यांना रात्री दहापर्यंतचा चालणार होता. रुतिका फळ्यावर एकेक नाव लिहीत होती.

"पाहिलंत, मुलांनो?" सर आनंदाने म्हणाले. "अशीच जन्माला येते पार्टी."

"जल्माला येल तवा येल," सगुणाताई उठल्या. "पयले सांगा, माझे धनेशची हलदीची पार्टी होनार का नाय?"

सरांच्या हातातला खडू तसाच राहिला. हळद. मटण. एक रात्र. त्यांनी लिफ्टशेजारच्या बोर्डाकडे पाहिलं, मग रुतिकाकडे. रुतिका हळूच म्हणाली, "सर, 'पक्ष' कोणाला कळला नसता. तुम्हीच म्हणाला होतात."

कंपाउंड असं हसलं, की आप्पांनी कापूस आणखी आत ढकलला. अमिता तर डोळे पुसत होती. लोक सतरंज्या झटकून उठू लागले. मानसिंगरावांनी खिशातली टेप चाचपली.

 गर्दी आली होती, पण वर्ग झालाच नव्हता. खोली भरण्याचा अर्थ मानसिंगराव कसा लावतील कोण जाणे.

तेवढ्यात अंकुर मोठ्याने म्हणाला, "सर, समजा दोनच ठेवायच्या. मग इथल्या कुठल्या दोन?"

उठणारे थांबले.

"सोपं आहे," प्रणय म्हणाला. "एक पार्टीवाल्यांची, एक शांततावाल्यांची."

"मग आमच्या बायका कुठे जाणार?" अमिताने विचारलं. "तुमच्या गच्चीवरच्या पोरांत?"

"आमचेकडे या," सगुणाताई म्हणाल्या. "पन वडे तलाचे ते आमचे चुलीवर, आमी सांगू तवा."

"बघितलं? आत घ्यायच्या आधीच अटी," अमिता म्हणाली.

"पण एवढे सगळे राहिले तर ऐकू काय येणार?" आप्पांच्या घोळक्यातून कोणीतरी म्हणालं.

"म्हणून आमची बंद करणार? तुमची करा," प्रणय म्हणाला.

"आमचा तर आवाजच नाही, बंद काय करणार?"

आणि वाद पेटला. सर खाली बसले. त्यांना एक शब्द बोलावा लागला नाही. दिवे लागले तरी कोणी हललं नाही. शेवटी हात वर झाले आणि ठरलं, की किती असाव्यात हे कोणी ठरवू नये. पण प्रत्येकाने आपल्यामागे निदान चार घरं आहेत हे दाखवावं.

"मग माझी पण एक," मानसिंगराव म्हणाले. "पार्सल रॅक पार्टी. हात वर करा."

कोणी केला नाही. वॉचमनने अर्धा उचलला, सगुणाताईंनी पाहिलं, त्याने त्या हाताने डोकं खाजवलं. मानसिंगरावांनी टेप खिशात खोल ढकलली. "जिन्याखाली बघतो रॅकचं," ते म्हणाले.

हळद झाली. आधी बेंजो, मग दहापर्यंत डीजे. आप्पा पहिल्या पंगतीला होते. दुसऱ्या दिवशी रविवारच्या वर्गाला मात्र पुन्हा तीनच मुलं आली, त्यातलं एक झोपलेलं.

"पुढचा विषय लिहून घे," सर रुतिकाला म्हणाले. "अनेक पक्षांच्या आघाडीत निवडणुकीपूर्वी जागावाटप कोणत्या तत्त्वावर व्हावं?"

थोड्या वेळाने सर बोर्ड बघायला लिफ्टशी गेले. रुतिकाने विषय बोर्डात बसवला होता :

*रविवारी ५ वाजता जागावाटप. - कमळाकर सर.*

"सगळ्यांना कळेल ना, सर?"

सरांनी डस्टर उचललं. कंपाउंडमध्ये गाड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, आणि आपली गाडी काढायला चार गाड्या हलवाव्या लागतात म्हणून रोज तळमळणारे मानसिंगराव जिन्यातूनच बोर्ड वाचत, खिशात किल्ली शोधत, घाईघाईने उतरत होते.

सरांनी डस्टर हळूच जागेवर ठेवलं.

"कळेल," ते म्हणाले. "सतरंज्या काढून ठेव."